संदर्भाविना स्पष्टीकरण

नॉर्मन लुइसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ एखाद्याने कुठल्या प्रकरणावर सोडून दिलं, हे त्याच्याशी घटकाभर गप्पा मारल्या की ओळखता येतं. जो माणूस ‘मी इंट्रोव्हर्ट नाही, एक्स्ट्रोव्हर्टही नाही, मी अँबिव्हर्ट’ अशी स्वतःची ओळख करून देतो, त्याचं पुस्तक पहिल्याच आठवड्यात मिटलेलं असतं. स्वभावांचं प्रकरण अगदी सुरुवातीला आहे. त्यानंतर डॉक्टरांचं येतं. तिथवर टिकलेला माणूस नातेवाइकांच्या दुखण्यांत फार हौसेने लक्ष घालतो. कुणाच्या पाठीत उसण भरली, तरी ‘इथे ऑर्थोपेडिस्टच हवा’ असं सांगत शेकायला आणलेली पिशवी गार होईपर्यंत बोलत बसतो. मग शास्त्रज्ञांची पाळी. इथपर्यंत पोचलेले गृहस्थ झुरळांचा बंदोबस्त करायला आलेल्या पोराला एन्टोमॉलॉजी आणि एटिमॉलॉजी यांतला फरक समजावून सांगतात, आणि तो बिचारा ओट्यामागे फवारा मारत ‘हो काका, हो काका’ करत राहतो. त्याच्याही पुढे थापाड्यांच्या जातींचं प्रकरण आहे. ते वाचलेली माणसं विरळा. पुढाऱ्याला नुसतं ‘खोटारडा’ न म्हणता ‘इन्व्हेटरेट लायर’ म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला वाकून नमस्कार करावा. त्याने पुस्तकाच्या मधल्या पानांचं तोंड पाहिलेलं असतं.

त्यापुढची पानं मात्र बहुतेक घरांत कोरी करकरीत. अप्पा बळवंत चौकात किंवा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर हे पुस्तक जुन्या बाजारातलं घ्यावं, तर सुरुवातीच्या पानांवर पेन्सिलीच्या रेघा, मार्जिनमध्ये मराठी अर्थ, चहाचा एखादा डाग; आणि पुढे एकदम शुकशुकाट. यात वाचकाचा दोष नाही. पुस्तक १९४९ साली निघालं, आणि लुइससाहेबांनी शिस्त म्हणून जागोजागी लिहून ठेवलं आहे की आजचं सत्र इथे संपलं, आता थांबा, पुढचं नंतर. अमेरिकन वाचक थांबून दुसऱ्या दिवशी परत आला असेल. मराठी वाचक आज्ञाधारक. थांबा म्हटलं, थांबला.

अवघड इंग्रजी शब्द शिकायची हौस तशी लुइसच्याही आधीची. ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये १९४५ पासून शब्दसंपत्ती वाढवायचं एक सदर येत असे. १९५४ साली मासिकाची भारतीय आवृत्ती सुरू झाली, आणि पेन्शनीत निघालेल्या एका अख्ख्या मराठी पिढीला दुपारच्या चहानंतरचा उद्योग मिळाला. एक शब्द, खाली चार पर्याय, उत्तरं पान उलटल्यावर. उत्तर चुकलं की आजोबा पान पुन्हा पालथं करत आणि ‘मला हेच म्हणायचं होतं’ असं जाहीर करत. समोर आजी तांदूळ निवडत असायची. त्या शब्दांचा तिला आयुष्यात काडीचा उपयोग झाला नाही, आजोबांनाही झाला नाही. पण आजोबांना वीसपैकी किती आले, हे वाड्यातल्या बिऱ्हाडांना कळल्याशिवाय संध्याकाळ होत नसे.

या पिढीचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक इंग्रजी शब्दाचं मूळ संस्कृतात नेऊन पोचवणं. डेंटल म्हणजे दंत, ऑक्टो म्हणजे अष्ट, इग्निशन म्हणजे अग्नी. इथवर त्यांचं बोट धरून जायला हरकत नसे, नाती खरीच आहेत. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात. जोन्सच्या हिशेबात त्या बहिणी-बहिणी. आजोबांना बहिणी मान्य नव्हत्या. संस्कृत ही आई, बाकीच्या तिच्या पोरी, आणि त्यांतली इंग्रजी ही सासरी जाऊन बिघडलेली. एकदा या वाटेला लागले की कस्टमर हा ‘कष्टमर’ आणि डॉटर ही ‘दुहिता’, दोन्ही एकाच दमात. गंमत अशी की यातलं दुसरं खरं आहे. पण पहिलं ऐकून हसलेल्या नातवाचा दुसऱ्यावरही विश्वास बसत नसे.

हे सगळे शब्द डोळ्यांनी मिळवलेले. कानावर त्यांतला एकही कधी पडलेला नाही. देवनागरीत वाढलेल्या माणसाचा अक्षरांवर ठाम विश्वास असतो, लिहिलं तसं वाचायचं. त्यामुळे आमच्या भागातल्या प्रत्येक सेवानिवृत्तीच्या समारंभात निवृत्त होणारे सर हे ‘एपिटोम ऑफ सिम्प्लिसिटी’ असतात. अशाच एका समारंभात इंग्रजी माध्यमातली एक नात पहिल्या रांगेतून जरा मोठ्यानेच म्हणाली, ‘आजोबा, एपिटमी.’ बोलणारे माजी मुख्याध्यापक. त्यांनी माईक सोडला नाही. ‘होम, डोम, रोम. मग टोमनेच काय घोडं मारलंय?’ टाळ्या पडल्या. नात गप्प. चहाच्या वेळी मी त्यांच्याशेजारी होतो, तर ते अजून धुमसत होते. ‘वाचायचं नव्हतं तर ते ई लिहिलं कशाला?’ म्हणाले. ‘आणि आता ती म्हणते त्या ई-चाच उच्चार करायचा! म्हणजे होममध्ये तो मुका, आणि इथे बोलका. कुणी ठरवलं?’ मला उत्तर सुचलं नाही. इंग्रजांनाही सुचलं नसतं. त्यानंतर सरांनी ‘हायपरबोल’चा विषय काढला आणि चहा निवला.

उच्चाराची ही अडचण लिहिताना येत नाही, म्हणून अवघड इंग्रजीला महाराष्ट्रात खरं माहेर मिळालं ते सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नोटीस बोर्डावर. पाण्याची टाकी धुणार असल्याची साधी बातमी. पण सेक्रेटरी ती ‘ऑल अँड संड्री आर हिअरबाय अ‍ॅप्राइझ्ड’ अशी सुरू करतात. अर्धी बिल्डिंग सकाळी बादल्या भरत नाही. मग सभा होते. सभेत ‘आय व्हेहेमंटली कंडेम’ असं उभं राहून म्हणणारा एक तरी सभासद असतो आणि त्याच्या पुढचं वाक्य मराठीत येतं, कारण कंडेम नेमकं काय करायचं ते इंग्रजीत जमत नाही.

अशा मंडळींच्या आयुष्यात ८ मे २०१७ हा दिवस सणाचा. शशी थरूर यांनी त्या दिवशी आपल्यावरच्या आरोपांना उत्तर देताना ट्विटरवर ‘फरागो’ हा शब्द वापरला आणि देशभर लोक डिक्शनऱ्या उघडून बसले. आठवड्याच्या आत तो आमच्या नोटीस बोर्डावर उतरला. पार्किंगच्या तक्रारींचा ‘फरागो’ झाला होता. लॅटिनमध्ये हा मूळचा गोठ्यातला शब्द, जनावरांपुढे टाकायचं मिसळीचं खाद्य. ज्या सेक्रेटरींच्या वडिलांनी हयातभर म्हशीला आंबोण कालवलं, ते तोच माल दिल्लीहून मागवून बोर्डावर लावत होते. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात थरूरांनी नव्या पुस्तकाची वर्दी देताना एकोणतीस अक्षरांचा एक शब्द सोडला, ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’. अर्थ काय, तर एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. आमचे एक काका तो सकाळच्या फिरण्यात पाठ करत. टेकडीच्या पायथ्याशी सुरू करत आणि पहिल्या बाकापाशी दम लागून अडकत. काकू मागून येत असत. त्यांना हेच सांगायचं असलं तर ‘हॅ!’ म्हणून होई, आणि दमही लागत नसे.

थरूरांबद्दल मला खरोखर आदर आहे. त्यांचे शब्द त्यांच्या तोंडी शोभतात, कारण त्यांना ते सुचतात. आपल्याला ते सापडतात. सापडलेली वस्तू माणूस कधी एकदा कुणाला दाखवतो असं करतो, एवढाच फरक.

अमेरिकेला जाण्यासाठी शब्द पाठ करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना दाखवायचं नव्हतं, जायचं होतं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत जीआरईच्या तयारीसाठी बॅरन्सची जाडजूड शब्दयादी असे, आणि ती वर्णानुक्रमे. त्यामुळे ए-वरून सुरू होणाऱ्या शब्दांत आमच्या पिढीच्या इंजिनिअरांचा हात आजही कुणी धरणार नाही. अबेस, अबॅश, अबेट, अ‍ॅब्रोगेट, अ‍ॅब्स्कॉन्ड. सी-पर्यंत आत्मविश्वास, डी-ला सबमिशन, ई-ला घरचं लग्न. झेडवरून सुरू होणारे शब्द फक्त शेवटून वाचत आलेल्या एका मुलाला येत, आणि त्याला सगळे वेडा समजत. माझा एक मामेभाऊ ही यादी खिशात घालून लोकलमध्ये उभा राहायचा, तीवर बोट ठेवून, डोळे मिटून पुटपुटत. समोरच्या प्रवाशांना तो देवभक्त वाटे. व्हिसा मिळाला, तो गेला. तिथे उतरल्यावर पहिल्या वर्षभरात त्याला एकंदर लागलेले शब्द म्हणजे ‘ऑसम’, ‘स्टफ’ आणि ‘हॅव अ गुड वन’. ज्या विरुद्धार्थी शब्दांसाठी त्याने रात्री जागवल्या, तो प्रश्नप्रकारच ऑगस्ट २०११ पासून परीक्षेतून काढून टाकला. ही बातमी त्याला मीच फोनवर दिली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, ‘म्हणजे ही आताची पोरं अ‍ॅनोडाइनच्या विरुद्ध काय, हे न सांगता इथे येणार?’

त्याचा सूड त्याने मुलीवर उगवला. न्यू जर्सीत मराठी घरातली मुलं शनिवारी काय करतात, तर कथक, गणित आणि स्पेलिंग. स्पेलिंग बी हा तिथला मोठा मामला आहे. १९८५ साली ‘मिल्यू’ या शब्दावर भारतीय वंशाचा पहिला मुलगा राष्ट्रीय विजेता ठरला. १९९९ साली एक मुलगी ‘लॉगोरिआ’वर जिंकली, म्हणजे न थांबता बडबडण्याची व्याधी, भारतीय घरातल्या मुलीला त्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नसेल. २०१९ साली तर आठ मुलं शेवटपर्यंत हटेनात आणि त्यांना अडवतील असे अवघड शब्द आयोजकांकडेच उरले नाहीत. आठही जणांना विजेते जाहीर करून रात्री उशिरा सगळे घरी गेले. त्यांतले बहुतेक भारतीय वंशाचेच. आपल्याकडे यादी संपायच्या आधी उमेदवार संपतो. तिथे उमेदवारांनी यादी संपवली.

२०२१ चा विजेता शब्द मात्र मला फार आवडला. ‘मराया’. अठराव्या शतकातल्या मरे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलेलं झाडांच्या एका प्रजातीचं नाव. तो बरोबर सांगितला लुइझियानाच्या मुलीने, जी बास्केटबॉलमध्येही विक्रम करून बसली आहे. मामेभावाकडे सगळं घर टीव्हीसमोर. शब्दाचा अर्थ कळल्यावर मामी सोफ्यावरून म्हणाल्या, ‘म्हणजे कढीपत्ता की! मागच्या अंगणात कुंडीत आहे, हिला पाणी घालायला सांगितलं तर घालत नाही.’

स्पर्धेत मुलांना प्रश्न विचारायची मुभा असते: शब्द कुठल्या भाषेतला, अर्थ काय, वाक्यात वापरून दाखवा. ती सवय घरात शिरली. एका सकाळी मामींनी नातीला विचारलं, ‘घावन खातेस का?’

‘मे आय हॅव द लँग्वेज ऑफ ओरिजिन, प्लीज?’

‘कोकणी आहे हो, आपल्या सावंतवाडीचं.’

‘कॅन यू यूज इट इन अ सेंटेन्स?’

‘घावन गार व्हायच्या आत खा,’ मामी म्हणाल्या.

इतकं स्वच्छ उदाहरणवाक्य मला कुठल्याही शब्दकोशात आढळलेलं नाही.

आणि आता सदाशिव पेठ. कारण आजच्या घडीला जड इंग्रजी शब्दांवर महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त घाम कुठे गळत असेल, तर तो आजोबांच्या आरामखुर्चीत नाही आणि न्यू जर्सीतही नाही. तो पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत. लातूर, बीड, सांगोला, पुरंदर, माणगाव इथून आलेली पोरं. कुणी एमपीएससीच्या कंबाइनला, कुणी बँकेला, कुणी स्टाफ सिलेक्शनला. बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं खरं, पण गुरुजींना एकाच वेळी दोन वर्ग आणि पोषण आहाराची खिचडी सांभाळायची असल्याने ते पुस्तकातच राहिलं. ही पोरं आता दिवसाला ठरावीक शब्दांचा रतीब घालतात. ‘व्होकॅब झालं का?’ हा त्यांच्यातला रामराम. कुणी ‘द हिंदू’चा अग्रलेख अधोरेखित करतो, त्यातलं मत काय आहे हे त्याला विचारू नये, त्याने त्यातून फक्त काटे काढावेत तसे शब्द वेचलेले असतात.

त्यांची पहिली झटापट होते ती मराठीशी. स्वस्त इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘पेन्युरी’चा अर्थ दिलेला असतो ‘अकिंचनता’. आता अकिंचनता म्हणजे काय, हे बघायला दुसरा कोश. ‘इन्डिफॅटिगेबल’ म्हणजे ‘अश्रांत’. पोरगा क्षणभर छापखान्याची चूक समजून ‘अशांत’ वाचतो आणि परीक्षेत चार मार्कांचा चुराडा करतो. कोश लिहिणाऱ्या विद्वानांना कुणीतरी सांगायला हवं होतं की अर्थ सांगणं म्हणजे पाहुण्याला एका ओसरीवरून उठवून दुसऱ्या ओसरीवर बसवणं नव्हे. या बाबतीत इंग्रज बरे निघाले. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला, त्यात शिव्याही घेतल्या, म्हणीही घेतल्या, गोठ्यातले शब्दही घेतले आणि अर्थ सांगताना कंजुषी केली नाही.

तर पोरांनी आपला कोश आपणच काढला. तो छापील नाही, रूमवर तोंडी चालतो, आणि त्याची पद्धत अशी की इंग्रजी शब्द मराठीत मोडायचा. ‘कॅकोफनी’ म्हणजे कर्कश गलका: काकूंचा फोन. ‘पेन्युरी’ म्हणजे दारिद्र्य: पेनात घालायला रिफिल नाही. ‘चिकेनरी’ म्हणजे लबाडी: चिकन एकाने खाल्लं, बिल दुसऱ्याच्या नावावर. ‘मोरोज’ म्हणजे सदा खिन्न: जो रोज मरतो. ‘कजोल’ म्हणजे गोड बोलून वळवणं, इथे काहीच मोडावं लागत नाही, काजोलचा एखादा सिनेमा आठवायचा. ‘अ‍ॅडमंट’ म्हणजे अडमुठा. हा तर जवळजवळ मराठीच. आणि सगळ्यांचा मुकुटमणी ‘सायकोफँट’, म्हणजे वरिष्ठांच्या पुढेपुढे करणारा: सायबाचा फॅन.

मी त्यांच्या शेजारच्या इमारतीत राहतो आणि त्यांच्याच मेसमध्ये अधूनमधून जेवतो, म्हणून हे ज्ञान मला फुकट मिळालं. ‘सायबाचा फॅन’ ऐकून मी ताटावरून मान वर केली आणि सांगितलं की मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ ‘अंजीर दाखवणारा’ असा आहे, आणि तो तसा का, यावर विद्वानांचं एकमत नाही. पुरंदरचा पोरगा भाकरी मोडता मोडता थांबला. ‘त्यात काय एकमत व्हायचंय काका? आमच्याकडं सीझनला साहेबाच्या बंगल्यावर अंजिराची पेटी पोचवणारा एक असतोयच.’ एवढं बोलून त्याने नावही सांगितलं. मग लातूरच्याने त्याच्या तालुक्यातलं नाव सांगितलं. दोन मिनिटांत पंगतीत पाच-सहा सायकोफँट जमले, हुद्द्यांसकट. हा शब्द त्या पोरांना आता परीक्षेत चुकणार नव्हता. आजोबांना, सेक्रेटरींना, माझ्या मामेभावाला जे साधलं नाही ते इथे चालू होतं. त्यांच्याकडे शब्दाला अर्थ होता. या पोरांकडे शब्दाला माणूस होता, गावासकट.

‘ऑस्ट्रसाइझ’चं असंच. प्राचीन अथेन्समध्ये नको असलेल्या माणसाचं नाव खापरीच्या तुकड्यावर कोरून मत देत. पुरेशी मतं पडली की तो दहा वर्षं शहराबाहेर. मी हे सांगितलं, तर माणगावचा म्हणाला, ‘आमच्यात खापरी नाही लागत, बैठक लागते. वाळीत टाकणं की हो.’ वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, तोही त्याला कलमांसकट पाठ. म्हणजे एकाच शब्दात त्याची व्होकॅबही झाली आणि पॉलिटीही झाली. वर म्हणाला, ‘काका, खापर फोडणं पण त्यातनंच आलं असणार.’ मला आजोबा आठवले. मी नाही म्हणालो नाही.

त्यांच्या अभ्यासातला सर्वांत भयंकर भाग ‘वन वर्ड सबस्टिट्यूशन’. लांबलचक वाक्याला एकच शब्द. त्यात परीक्षा घेणाऱ्यांना खुनांची विलक्षण आवड. बापाचा खून पॅट्रिसाइड, आईचा मॅट्रिसाइड, भावाचा फ्रॅट्रिसाइड, राजाचा रेजिसाइड, बायकोचा अक्सोरिसाइड. रात्री अकरा वाजता गच्चीवर अंधारात दोन पोरं येरझाऱ्या घालत एकमेकांना ‘बायकोचा?’, ‘बापाचा?’ असं विचारत असतात. समोरच्या वाड्यात नव्याने राहायला आलेल्या वृद्ध दांपत्याने पहिल्या आठवड्यात दोनदा खिडकी लावून घेतली. लातूरच्या पोराची तक्रार वेगळीच होती. ‘आमच्याकडं हे कायच होत नाही बघा. होतंय ते बांधावरून. त्याला शब्द कुठाय?’ बराच खल झाला. शेवटी ‘बांधसाइड’ मंजूर झाला आणि वहीत खुनांच्या यादीखाली लिहूनही ठेवला. कट-ऑफ लावणाऱ्यांनी कधी विचारला, तर सदाशिव पेठेतून शंभर टक्के निकाल लागेल.

हे सगळं चालू असताना मेसच्या मावशी ताटांमधून फिरत असतात. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण गेली कित्येक वर्षं रोज दोन वेळा त्यांच्या कानावर इंग्रजी व्होकॅब पडतं, आमटीच्या फोडणीबरोबर. पोरं परीक्षा देतात, पास-नापास होतात, बदलतात. मावशींचा अभ्यासक्रम चालूच. मागच्या महिन्यात वाढताना त्यांनी एका रिकाम्या पाटाकडे बघून विचारलं, ‘तो तुमचा मोरोज कुठाय आज? जेवला नाही का?’ ज्याची चौकशी झाली तो प्रीलिम्सला दोन मार्कांनी गेलेला होता आणि खरंच तीन दिवस रूमवरून हलला नव्हता. मावशींनी त्याचा डबा बांधून वर पाठवला, आमटी जास्तीची घालून. खाडाही धरला नाही.

महिना संपत आला होता. सांगोल्याचा पोरगा हात धुऊन मावशींपाशी घुटमळला. घरून पैसे आले नव्हते, डाळिंबाला भाव नव्हता. त्याने जरा हसत, जरा ओशाळत सुरुवात केली, ‘मावशी, या महिन्यात जरा पेन्युरी चाललीय...’

मावशींनी पोळपाटावरचं लाटणं न थांबवता त्याच्याकडे बघितलं. ‘कजोल करू नकोस मला,’ त्या म्हणाल्या. ‘पाच तारखेचं दहा तारखेला दे. पण त्याच्यापुढं मी अ‍ॅडमंट आहे.’